यंदाचा शिक्का

घरात पाच मिनिटांची शांतता चालू होती, आणि चौथ्या मिनिटाला चर्रर्र असा आवाज झाला.

आवाज पट्ट्याचा होता. रक्तदाब मोजायच्या यंत्राचा जो पट्टा दंडाला गुंडाळतात, तो आजोबांनी स्वतःच्या हाताने उचकटला होता. का, तर तो नीट बसलाय की नाही हे पुन्हा एकदा तपासायला. सुनेने घड्याळाकडे पाहिलं. पाठ टेकून, पाय जमिनीवर, पायावर पाय न टाकता, हात टेबलावर छातीच्या उंचीला ठेवून, अवाक्षर न बोलता पाच मिनिटं बसायचं आणि मगच बटण दाबायचं, असं डॉक्टरबाईंनी कागदावर लिहून दिलं होतं. म्हणजे आता पुन्हा पहिल्यापासून पाच मिनिटं. सोफ्याच्या हातावर बसलेल्या पाच वर्षांच्या नातीने कुजबुजत विचारलं, कुणी वारलंय का. शाळेत सगळ्यांना असं गप्प उभं केलं होतं तेव्हा कुणीतरी वारलं होतं.

या सगळ्याच्या मुळाशी होती एक बुटाची नाडी. पंधरा दिवसांपूर्वी नातीला शाळेतून आणताना आजोबा वाटेत कुणाच्या तरी पायरीवर मटकन बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. घरी आल्यावर दप्तर खाली ठेवायच्या आत नातीने ही बातमी आईला दिली. आजोबा म्हणाले, त्यात काय सांगायचं, नाडी सुटली होती, ती बांधत होतो. सुनेने दारामागच्या फळीकडे पाहिलं. आजोबांचे बूट नुसते पाय सरकवायचे होते. त्यांना नाड्या नव्हत्या, कधी नव्हत्याच.  दुसऱ्या दिवशी सकाळी तिने डॉक्टरबाईंची वेळ घेतली.

डॉक्टरबाईंनी सात दिवसांचा तक्ता मागितला. सकाळी आणि संध्याकाळी, बसून दोनदा, आणि मग उठून उभं राहिल्यावर एक मिनिटाने एकदा. तो तक्ता बघून आजोबांनी नातीला एकट्याने शाळेत न्यायचं की नाही ते ठरणार होतं. तोवर सुनेने बरोबर जावं. आजोबांनी हे ऐकून घेतलं, पण मनावर घेतलं नाही. सून बरोबर येणार म्हणजे दहा पावलं मागून येणार, असा त्यांनी अर्थ लावला. घर ते शाळा आठ मिनिटांची वाट. रोज सकाळी ते नातीचं बोट धरून ताठ मानेने पुढे जात आणि सुनेची ओळख दाखवत नसत. एकदा शाळेच्या रखवालदाराने त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की एक बाई तीन दिवस तुमच्या मागावर आहे, जरा जपून. आजोबा म्हणाले, माझं लक्ष आहे तिच्यावर.

आता आजोबांबद्दल एवढंच सांगायला हवं की त्यांनी चौतीस वर्षं दुकानादुकानांतून तराजू आणि वजनं तपासली होती. वजनमापं निरीक्षक. माणूस भला, पण काट्याला काटा म्हणायच्या आधी दोनदा खाली वाकून बघणारा. निवृत्त होताना हाताखालच्या लोकांनी त्यांना दोन किलोचं लोखंडी वजन भेट दिलं होतं. ते आता बाहेरच्या खोलीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून दाराशी ठेवलेलं असे. मात्र दरवर्षी एकदा आजोबा ते पिशवीत घालून जुन्या कार्यालयात घेऊन जात, तपासून घेत, आणि तळाला असलेल्या शिशाच्या ठिपक्यावर नवा शिक्का मारून आणत. दार अडवायला ठेवलेल्या वस्तूवर यंदाचा सरकारी शिक्का असलेलं दुसरं घर जगात असेल असं सुनेला वाटत नव्हतं.

तो शिशाचा ठिपका कशाला, असं नातीने एकदा विचारलं होतं. आजोबांनी तिला शेजारी बसवून समजावलं होतं. वजन रोज हाताळलं की झिजतं. दिसत नाही, पण दरवर्षी कणभर कमी होतं. मग त्याच्या पोटात थोडं शिसं भरायचं, ते पुन्हा पुरतं करायचं आणि वर शिक्का मारायचा. नातीने विचारलं, झिजलेलं कुठे जातं? आजोबा चौतीस वर्षांच्या अनुभवाने म्हणाले, "जेवढं वजनातून जातं, तेवढं दुकानदाराच्या घरात जातं." हे उत्तर नातीला इतकं पटलं की पुढे आठवडाभर ती कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे डोळे बारीक करून बघत होती.

तर अशा माणसाच्या दंडाला पट्टा बांधून सुनेने बटण दाबलं. यंत्र गुरगुरलं, फुगलं, दमलं आणि त्याने वरचा आकडा दाखवला एकशे बेचाळीस. कागदावर लिहिल्याप्रमाणे एक मिनिट थांबून पुन्हा मोजलं. एकशे छत्तीस. आजोबांनी चष्मा पुसला. एका मिनिटात सहा कमी झाले, ते कुठे गेले, असं त्यांनी सुनेला विचारलं, आणि विचारताना तिच्याकडे असं पाहिलं की तिने उगीचच पदर झटकला. तिसऱ्यांदा मोजलं तर एकशे एकोणचाळीस. आजोबांनी पट्टा काढून टेबलावर ठेवला आणि निकाल दिला की हे यंत्र दुकानात असतं तर संध्याकाळच्या आत उचलून नेलं असतं. सून म्हणाली, बाबा, रक्तदाब असाच असतो, क्षणाक्षणाला बदलतो, म्हणून तर सात दिवस मोजायचा. आजोबा म्हणाले, जी वस्तू जागेवर थांबत नाही ती मोजायचीच कशाला?

उभं राहून मोजायचं त्या गडबडीत राहून गेलं.

सुनेच्या नवऱ्याने, म्हणजे आजोबांच्या मुलाने, कामाच्या दौऱ्यावरून फोनवर सल्ला दिला की बाबांशी वाद घालू नकोस, त्यांच्या कलाने घे. आजोबांचा कल असा होता की कुठलंही माप खरं की खोटं हे ठरवायला एक प्रमाण लागतं. त्यांच्या कार्यालयात कपाटात कुलूपबंद ठेवलेली प्रमाण वजनं असत, आणि बाकीची वजनं त्यांच्याशी ताडून बघत. म्हणजे इथे एक प्रमाण माणूस हवा. ज्याचा रक्तदाब पक्का ठाऊक आहे असा. त्याला यंत्र लावायचं. आकडा जुळला तर यंत्र खरं, नाही जुळला तर खोटं. विचार करायलाही नको होता. असा माणूस बरोबर डोक्यावरच राहत होता.

वरच्या मजल्यावरच्या काकांना इमारतीत सगळे पाठीमागे एकशेवीस-ऐंशी म्हणत. गेली वीस वर्षं आपला रक्तदाब एकशेवीस-ऐंशी आहे, एका आकड्याने हललेला नाही, हे ते जिन्यात भेटेल त्याला सांगत. पहाटेचं चालणं, थंड पाण्याची अंघोळ आणि डॉक्टरची पायरी न चढणं ही त्यांची तीन रहस्यं होती. प्रमाण माणूस म्हणून बोलावणं आल्यावर ते इस्त्रीचा सदरा घालून खाली आले, बरोबर काकूंनाही आणलं, आणि खुर्चीत बसताना म्हणाले की यंत्राने माझ्यावरून काय शिकायचं ते शिकून घ्यावं.

पाच मिनिटं सगळे गप्प बसले. यंत्र गुरगुरलं, फुगलं, दमलं.

एकशे अडुसष्ट.

काकांनी पायावर पाय टाकला होता असं त्यांच्याच लक्षात आलं. पुन्हा पाच मिनिटं. एकशे बहात्तर. मग खुर्ची उंच होती. मग नात शिंकली होती. मग जिना उतरून आल्याचा परिणाम होता, जो जिना ते रोज चार वेळा चढून दाखवत. चौथ्यांदा मोजायचं म्हटल्यावर काकू शांतपणे म्हणाल्या, "अहो, पण तुम्ही शेवटचा मोजला होतात कधी?" काकांनी खिडकीबाहेर पाहिलं. वीस वर्षांपूर्वी, नोकरीतल्या तपासणीच्या वेळी, असं उत्तर बऱ्याच वेळाने आलं. वीस वर्षांत आकडा न हलण्याचं चौथं रहस्य ते निघालं.

संध्याकाळच्या आत बातमी तळमजल्यापर्यंत पोचली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दारात रांग लागली. कुणाला काकांचं खरं की यंत्राचं खरं ते बघायचं होतं, कुणाला आपलं काय ते बघायचं होतं, आणि कुणाला नुसतं बघायचं होतं. तळमजल्यावरच्या हेडबाईंनी रांगेचा ताबा घेतला. पस्तीस वर्षं शाळा चालवलेली बाई. त्यांनी नुसतं बोट ओठांवर ठेवलं की मोठी माणसं मोबाइल खिशात घालत. पाच मिनिटांची शांतता त्यांच्यामुळे इतकी कडक पाळली गेली की समोरच्या घरातली, अडीच महिन्यांच्या बाळाची आई, खुर्चीत बसल्या बसल्या गाढ झोपली. तिचा आकडा शंभराच्या आत आला. तिला उठवावं की नाही यावर बराच विचार झाला आणि शेवटी हेडबाईंनीच तिला अजून दहा मिनिटं मोजायचं ठरवलं. सुनेला तिचा मनापासून हेवा वाटला.

आकडे लिहायला आजोबांनी वही घातली होती. रेघा आखलेली, रकाने पाडलेली, सुवाच्य. पण लिहायचं काम नातीकडेही अधूनमधून जाई, त्यामुळे बाहुलीचा रक्तदाब चार आणि सोफ्याचा नऊ अशा नोंदीही त्यात शिरल्या.

आणि सल्ले. ज्याचा आकडा घेतला त्याने जाताना एक सल्ला ठेवून जायचा, असा जणू नियमच झाला. एकाने सांगितलं भरपूर पाणी प्यायला द्या, दुसऱ्याने सांगितलं पाणी तोडा. एकाने सांगितलं त्यांना सकाळ-संध्याकाळ फिरवा, दुसऱ्याने सांगितलं उठूच देऊ नका. हेडबाईंनी विचारलं, जेवणातलं मीठ बंद केलंस का, आणि सुनेने अभिमानाने सांगितलं की केव्हाच. आठ महिन्यांपूर्वी तिच्या फोनवर ज्येष्ठांच्या काळजीच्या पंचवीस सूचना आल्या होत्या. तिने त्या छापून स्वयंपाकघरात चिकटवल्या आणि एकेक करून अमलात आणल्या. सतरंज्या गुंडाळल्या, न्हाणीघरात पकडायला दांडा बसवला, जिन्यातला दिवा बदलला. अकरावी सूचना मीठ कमी करा अशी होती. कमी म्हणजे किती ते लिहिलं नव्हतं, म्हणून तिने पूर्ण बंद केलं, कारण हयगय नको. आजोबांनी एकदाही तक्रार केली नव्हती. ते ताटाला नमस्कार करून दोन घास खात, पोट भरलं म्हणत आणि हात धुवायला उठत. तक्रार तिच्या नवऱ्यानेही केली नव्हती. त्याने फक्त कामावरच्या उपाहारगृहात जेवायला सुरुवात केली होती आणि त्याच्या कमरेच्या पट्ट्याचं भोक एकाने बाहेर सरकलं होतं.

चौथ्या दिवशी एकशेवीस-ऐंशी काका लेखी तक्रार घेऊन आले. सदर यंत्र सदोष असून त्यामुळे प्रतिष्ठित रहिवाशांची बदनामी होत आहे. खाली सात सह्या होत्या. सहाजणांचे आकडे चढेच आले होते, आणि सातवी सही काकूंची होती, फक्त ती काकूंनी केली नव्हती. आजोबांनी तक्रार दोनदा वाचली. त्यांच्या चेहऱ्यावर निवृत्तीनंतर प्रथमच ते जुनं तेज आलं. कपाटातून त्यांनी जाड कापड, सुतळी, लाखेची कांडी आणि मेणबत्ती काढली. यंत्र जप्त झालं. रीतसर पंचनामा झाला. एक पंच हेडबाई. दुसरी व्हायला नात तयार होती, पण तिचं वय आड आलं, तेव्हा नेमक्या त्या वेळी पार्सल घेऊन आलेल्या माणसाला बसवून घेतलं. तो बिचारा सही घ्यायला आला होता, सही देऊन गेला. लाखेचे पाच ठिपके पडले. सात दिवसांचा तक्ता चौथ्या दिवशी कापडाच्या गाठोड्यात बंद झाला.

सून स्वयंपाकघरात जाऊन जरा वेळ नळ सोडून उभी राहिली. रडायचं की हसायचं ते ठरत नव्हतं. डॉक्टरबाईंची वेळ तीन दिवसांवर आली होती आणि तिच्या हाती होते सोफ्याचे आकडे. बरं, या घरात तिच्या शब्दाला किती वजन आहे ते तपासायला कुणी निरीक्षकही नव्हता.

पाचव्या दिवशी ते गाठोडं घेऊन ती आणि आजोबा यंत्राच्या कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात गेले. काचेमागच्या मुलीने एक अर्ज दिला. तक्रारीचं स्वरूप या शब्दांपुढे दीड इंच जागा होती. आजोबांनी पुरवणीचे दोन कागद जोडले. मग त्या मुलीने गाठोड्याकडे बोट दाखवून हे काय म्हणून विचारलं. जप्त केलेला माल, आजोबा म्हणाले. मुलगी म्हणाली, उघडा. आजोबा म्हणाले, पंचांशिवाय लाख फोडता येत नाही. मुलगी म्हणाली, बांधलेली वस्तू आम्हाला घेता येत नाही. दोघांचेही नियम पक्के होते आणि दोघेही आपापल्या नियमाला जागत होते, त्यामुळे वीस मिनिटं काहीच झालं नाही. शेवटी सुनेने दारावरच्या रखवालदाराला आणि मिक्सर दुरुस्तीला आलेल्या एका बाईंना हातापाया पडून पंच केलं. त्या बाई जाताना सुनेच्या कानात म्हणाल्या, आमच्याकडे पण आहेत एक, टेलिफोन खात्यातले.

आतल्या तंत्रज्ञाने यंत्र नेलं, त्यांच्या यंत्राशी ताडून पाहिलं आणि अर्ध्या तासाने एक कागद आणून दिला. त्यावर तारीख, सही आणि गोल शिक्का होता. दोष आढळला नाही.

आजोबांनी तो कागद उजेडात धरला. शिक्क्यावरून अंगठा फिरवला. सुनेला वाटलं आता शिक्क्याविरुद्ध अपील होणार. पण आजोबांनी कागदाची नीट चौपदरी घडी घातली, वरच्या खिशात ठेवली आणि खुर्चीवरून उठले. उठताना त्यांनी टेबलाची कड धरली. धरली ती लगेच सोडली नाही. सुनेने पाहिलं की त्यांची बोटं पांढरी पडली आहेत आणि डोळे मिटलेले आहेत. मग त्यांनी डोळे उघडले आणि आपल्या बुटांकडे पाहिलं, जणू नाडी सुटली होती.

दोघं घरी आले. नात समोरच्या घरातल्या बाळाकडे खेळायला गेली होती. सुनेने वही काढली आणि बाहुलीपासून काकांपर्यंत सगळे आकडे बाजूला ठेवून फक्त आजोबांचं पान उघडलं. चार दिवस, आठ वेळा, बसून सोळा आकडे, एकेक सुवाच्य. शेजारी तिसरा रकाना. वर लिहिलेलं, उभ्याने. खाली आठ चौकटी, आठही कोऱ्या. एकदा गडबडीत राहिलं असेल. आठदा? ज्या माणसाने दार अडवायच्या लोखंडावर दरवर्षी शिक्का मारून आणला त्याने रकाना कोरा सोडला होता. तिला एकदम सगळं लख्ख दिसलं. प्रमाण माणूस, रांग, लाख, पंच. तिला वाटत होतं बाबा यंत्र तपासतायत. बाबा दिवस ढकलत होते.

ती वही घेऊन त्यांच्यासमोर बसली. रागवायचं ठरवून आली होती, पण त्यांची मान त्या खुर्चीत एवढी बारीक दिसत होती की राग वाटेतच राहिला.

"बाबा, हा रकाना कोरा का?"

आजोबांनी वहीकडे पाहिलं नाही. "लिहिण्यासारखं नव्हतं काही."

"मोजलंच नाही म्हणून?"

"मोजायला कशाला हवं? उठलो की डोळ्यांपुढे अंधारी येते. तेवढ्यापुरती. भिंत धरली की जाते." ते थांबले. "तो आकडा तिथे पडला असता की ही आठ मिनिटं गेली माझी. सकाळची आठ आणि दुपारची आठ. बाकीच्या दिवसाचं मी करू काय, ते सांग."

 तिने एवढंच म्हटलं की नाड्या नसलेल्या बुटांची नाडी बांधताना तुमच्या हातात पोरीचं बोट होतं, बाबा.  आजोबा म्हणाले, तोच विचार करत बसलो होतो त्या पायरीवर. आणि बाही वर सरकवून त्यांनी दंड पुढे केला.

त्या संध्याकाळपासून उभ्याचा रकाना भरायला लागला. बसून एकशे अडतीस, उभ्याने एकशे आठ. आकडा लिहिताना त्यांचा हात स्थिर होता. मोजणारा माणूस होता शेवटी. एकदा माप खरं ठरलं की ते त्याला लपवता येत नव्हतं.

डॉक्टरबाईंकडे जायच्या दिवशी नातही बरोबर आली, कारण बाहुलीचा तक्ता तिला स्वतः दाखवायचा होता. आजोबांनी कापडी पिशवी सुनेच्या खांद्याला अडकवली आणि सांगितलं की कागदपत्रं आहेत, जपून. कागदपत्रं इतकी जड कशी, हा विचार करत ती एका बाजूला झुकून चालत राहिली. पण आज आजोबा पुढे गेले नाहीत. नातीचं एक बोट त्यांच्या हातात, दुसरं सुनेच्या, असे तिघं एका ओळीत चालले आणि फुटपाथभर पसरून लोकांच्या शिव्या खात पोचले. दवाखान्याच्या कोपऱ्यातल्या बाकावर टोपी भुवयांपर्यंत ओढून, वर्तमानपत्र उलटं धरून एकशेवीस-ऐंशी काका बसले होते. शेजारी काकू वर्तमानपत्र सुलटं करून देत होत्या.

आत जायच्या आधी परिचारिकेने वजन करायला बोलावलं. उभा काटा होता, वर दांडीवर सरकणारं वजन असलेला. आजोबा त्याच्यापुढे थांबले आणि त्यांनी विचारलं की हा शेवटचा कधी तपासला होता. परिचारिका म्हणाली, मी लागले तेव्हापासून इथेच आहे तो. हे उत्तर नाही, असं म्हणून आजोबांनी सुनेच्या खांद्यावरची पिशवी घेतली आणि आतून दाराशी असायचं ते दोन किलोचं लोखंडी वजन बाहेर काढलं. सुनेने खांदा चोळला. तिकडे घरी बाहेरच्या खोलीचं दार आपटत असणार.

आजोबांनी नातीला काट्यावर उभं केलं. साडेसतरा. मग वजन तिच्या हातात दिलं. ती ते पोटाशी धरून, जीभ बाहेर काढून, श्वास रोखून उभी राहिली. साडेएकोणीस. आजोबांनी खाली वाकून दांडी पाहिली, उजवीकडून पाहिली, डावीकडून पाहिली.

"काटा बरोबर आहे," ते म्हणाले, त्या जुन्या आवाजात, जो ऐकून दुकानदारांच्या जिवात जीव येत असे.

मग भिंतीला हात लावून त्यांनी ते बिननाड्यांचे बूट काढले आणि काट्यावर चढले. परिचारिकेने वरचं वजन डावीकडे सरकवलं. दांडी हलली नाही. आणखी डावीकडे. आणखी. चोपन्नावर दांडी सरळ झाली. गेल्या वर्षीच्या कागदावर अठ्ठावन्न होतं. आजोबांनी दांडीकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि मिटलं. काटा त्यांनी स्वतःच खरा ठरवला होता.

डॉक्टरबाईंनी उभ्याचे आकडे बघितले आणि म्हणाल्या, हेच मला हवं होतं. आडवं झोपवून आणि उभं करून नाडी पाहिली, आजोबा आधीपासून घेत असलेली रक्तदाबाची गोळी निम्मी केली, रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या. खाटेवरून एकदम उठायचं नाही. आधी कडेला बसायचं, दहा अंक मोजायचे, मग उभं राहायचं. दहा मोजायचं काम नातीने जागच्या जागी स्वतःकडे घेतलं. शाळेला महिनाभर तिघांनी जायचं, मग पुन्हा बघू. यावर आजोबांनी एकच अट घातली, सुनेने मागून यायचं नाही, बरोबरीने चालायचं. मग डॉक्टरबाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, वर्षात चार किलो उतरले, जेवण कसं आहे? आजोबा छताकडे बघून म्हणाले की उत्तम आहे. नात म्हणाली की आजोबा दोन घास खातात, कारण आमच्याकडे मीठ नसतं.

"मीठ अजिबातच बंद करायला कुणी सांगितलं?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

सून बाहुलीच्या तक्त्याकडे बघत राहिली. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. कमी म्हणजे बंद नव्हे, बेचव अन्न म्हाताऱ्या माणसाच्या घशाखाली उतरत नाही, आणि ते पोटात गेलं नाही तर बाकीच्या काळजीचा काय उपयोग, एवढंच म्हणाल्या. सगळं खरं होतं. ती पंचवीस सूचनांपैकी पंचवीस अमलात आणणारी बाई होती. एवढ्या जपणुकीत बाबा झिजत होते आणि तिला दिसलं नव्हतं.

परत बाहेर येऊन आजोबा बाकावर बसले. नातीने मोठ्याने दहा मोजले, सातनंतर नऊ घेतला, आजोबांनी दुरुस्त करायला लावलं. सून खाली बसून त्यांच्या पायांत बूट सरकवत होती. लोखंडी वजन नातीच्या मांडीवर होतं. तिने ते उलटं केलं, शिशाचा ठिपका बोटाने चाचपला, मग आजोबांकडे पाहिलं, मग आईकडे. कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे बघायची तशी डोळे बारीक करून.

"आई," ती म्हणाली, "आजोबांचे चार किलो कुणाच्या घरात गेले?"